फ्रान्स, ज्यू ओळख आणि ज्यूद्वेषावरचे वाद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे वाद नेमके कशावरचे आहेत?

वरवर पाहिलं तर प्रश्न दोन दिसतात: ज्यू म्हणजे कोण, आणि त्यांचा द्वेष कुठून येतो. फ्रान्समध्ये मात्र दोन्हींच्या तळाशी तिसराच प्रश्न असतो: नागरिक म्हणजे कोण? 23 डिसेंबर 1789 रोजी राष्ट्रीय सभेत काउंट क्लेर्मों-तोनेर म्हणाला, ज्यूंना एक राष्ट्र म्हणून सगळं नाकारा आणि व्यक्ती म्हणून सगळं द्या. त्या चर्चेत ज्यूंच्या जोडीला प्रोटेस्टंट, नाटकातले नट आणि जल्लाद यांच्याही हक्कांचा विषय होता. हे वाक्य ज्यूंच्या बाजूने केलेल्या भाषणातलं आहे, हे पुष्कळदा विसरलं जातं.

पुढच्या सव्वादोनशे वर्षांतले बहुतेक वाद या वाक्याच्या दोन अर्ध्यांमध्येच फिरत राहिले. कुणाचंही लिखाण हातात घेतलंत, तर तो माणूस कोणत्या अर्ध्यावर बोट ठेवतोय ते आधी पाहा. निम्मं काम तिथेच होतं.

म्हणजे क्रांती झाली आणि हक्क मिळाले?

इतकं सरळ नव्हतं. 28 जानेवारी 1790 ला बोर्दो, बायोन आणि अव्हिन्योंच्या ज्यूंना नागरिकत्व मिळालं. हे बहुतेक स्पेन-पोर्तुगालकडून आलेले किंवा पोपच्या मुलखातले, फ्रेंच समाजात बरेच मिसळलेले. आल्सास-लोरेनमधल्या यिद्दिशभाषक (यिद्दिश म्हणजे पूर्व-मध्य युरोपातल्या ज्यूंची बोली) ज्यूंना 27 सप्टेंबर 1791 पर्यंत थांबावं लागलं. देशातल्या सुमारे 40,000 ज्यूंपैकी बहुसंख्य तर तेच होते. तिथे अडचण धर्माइतकीच सावकारीची होती; शेतकऱ्यांची कर्जं ज्यूंकडे अडकलेली होती.

क्रांतीच्या आधीच मेत्झ शहरातल्या अकादमीने निबंधस्पर्धा लावली होती. विषय असा: ज्यूंना फ्रान्समध्ये अधिक उपयुक्त आणि अधिक सुखी करण्याचे उपाय आहेत काय? ‘उपयुक्त’ हा शब्द ‘सुखी’च्या आधी येतो, हे जरा लक्षात ठेवा. 1788 मध्ये बक्षीस तिघांत वाटलं गेलं: पाद्री ग्रेग्वार, वकील तिएरी आणि पोलंडहून आलेला ज्यू लेखक झालकिंड हुर्वित्झ.

नेपोलियनने 1806 मध्ये ज्यू प्रतिष्ठितांना बोलावून 12 प्रश्न टाकले. तुमच्यात अनेक बायका करतात का, फ्रेंच माणूस तुम्हाला भाऊ वाटतो की परका, ज्यू मुलगी ख्रिश्चनाशी लग्न करू शकते का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मोठं हुशारीचं होतं. असं लग्न कायद्याने वैध आहे. पण त्याला आशीर्वाद द्यायला कॅथलिक पाद्री जितका उत्सुक असेल, तितकेच आमचे रब्बी, म्हणजे धर्मगुरू. 1807 मध्ये 71 सदस्यांच्या ‘महासान्हेद्रिन’ने (प्राचीन ज्यू धर्मसभेच्या धर्तीवरची सभा) या उत्तरांवर धर्माचं शिक्कामोर्तब केलं. एवढं करूनही 17 मार्च 1808 च्या हुकुमाने ज्यूंच्या कर्जव्यवहारावर आणि व्यापारावर 10 वर्षांची बंधनं आलीच. 1818 ला मुदत संपली आणि ती कुणी वाढवली नाही.

‘झ्विफ’ आणि ‘इझ्राएलित’ यांत फरक काय? मराठीत काय लिहावं?

ज्यूंसाठी फ्रेंचमध्ये हे दोन शब्द. एकोणिसाव्या शतकात सभ्य फ्रेंच माणूस ‘इझ्राएलित’ म्हणे: धर्माने मोझेसचा, बाकी सगळा फ्रेंच. ‘झ्विफ’ला शिवीचा वास होता. पत्रकार बर्नार लाझार याने 1890 च्या सुमारास स्वतःच हा भेद वापरला. आपल्यासारखे सुसंस्कृत फ्रेंच ते इझ्राएलित आणि पूर्वेकडून येणारे गरीब ते झ्विफ, असा त्याचा सूर होता. पुढे तोच माणूस पूर्वेकडच्या गरीब ज्यूंचा कैवारी झाला. 1945 नंतर पारडं उलटलं. ‘इझ्राएलित’ हा शब्द लाजरा, चोरटा वाटू लागला आणि लोक ताठ मानेने ‘झ्विफ’ म्हणू लागले.

अनुवाद करणाऱ्यांची इथेच फसगत होते. दोन्हींना सरसकट ‘ज्यू’ लिहिलं की वाद गायब. आमचा सल्ला असा: ‘झ्विफ’ला ज्यू लिहा, ‘इझ्राएलित’ आहे तसाच ठेवा आणि पहिल्या वेळी एका वाक्यात खुलासा करा. कोकणातले शनवार तेली स्वतःला ‘बेने इस्रायल’ म्हणवत आले, त्यामुळे नावामागे मान-अपमान कसा लपलेला असतो हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. फक्त ‘इझ्राएलित’चं भाषांतर ‘इस्रायली’ करू नका, नाहीतर 1890 च्या पॅरिसमध्ये तेल अव्हिवचे नागरिक फिरू लागतील.

द्रेफ्युसच्या खटल्यात पुरावा होता तरी काय?

सप्टेंबर 1894 मध्ये पॅरिसमधल्या जर्मन लष्करी प्रतिनिधीच्या कचऱ्यातून एक पातळ, फाडलेला कागद फ्रेंच हेरखात्याच्या हाती लागला. कचरा आणून देणारी बाई दूतावासात सफाईचं काम करायची. कागदावर सही नाही, तारीख नाही. 120 मिमी तोफेच्या ब्रेकसह पाच गोष्टींची माहिती पाठवत असल्याची यादी तेवढी. यालाच ‘बोर्दरो’ म्हणतात. संशय जनरल स्टाफमधल्या आल्सासी ज्यू अधिकाऱ्यावर, कॅप्टन आल्फ्रेद द्रेफ्युसवर गेला. 22 डिसेंबर 1894 ला देशद्रोहाबद्दल शिक्षा झाली आणि 5 जानेवारी 1895 ला भर मैदानात त्याची पदचिन्हं उपटून तलवार मोडली गेली.

आता हस्ताक्षराचं पाहा. पोलिसांच्या ओळखविभागाचा प्रमुख आल्फाँस बेर्तियों हा शरीराची मापं घेऊन गुन्हेगार ओळखण्यात वाकबगार होता; हस्ताक्षरतज्ज्ञ नव्हता. अक्षर द्रेफ्युसच्या अक्षराशी जिथे जुळतं, तिथे ते त्याचंच, असं तो म्हणाला. जिथे जुळत नाही, तिथे द्रेफ्युसने मुद्दाम स्वतःच्याच अक्षराची नक्कल केली, उद्या पकडलो तर बनावट म्हणता यावं म्हणून! अशा तर्कातून कुणीच सुटू शकत नाही.

त्याच्या आकडेमोडीतली चूक तर शाळेतल्या मुलाला दाखवण्याजोगी आहे. कागदात दोनदा आलेले 13 मोठे शब्द घेऊन त्याने त्यांच्या सुरुवाती आणि शेवट तपासले, म्हणजे 26 जागा. पैकी 4 जागी जुळणी सापडली. एका जुळणीची शक्यता 0.2 धरून त्याने 0.2 चा चौथा घात काढला, 0.0016, आणि हा योगायोग असूच शकत नाही म्हणून जाहीर केलं. पण तो आकडा चारपैकी चारही जुळण्याचा आहे. 26 पैकी किमान 4 जुळण्याची शक्यता काढली तर ती 0.8 च्या जवळ जाते, म्हणजे न जुळती तरच नवल. गणितज्ञ आंरी प्वांकारे, दार्बू आणि आपेल यांनी 1904 च्या अहवालात या सगळ्या पद्धतीचा निकाल लावला.

यापेक्षा गंभीर गोष्ट वेगळीच होती. न्यायाधीशांना बचावपक्षाच्या अपरोक्ष एक गुप्त फाईल दिली गेली. पुढे हेरखात्यातल्या मेजर आंरीने त्या पुराव्यात भर घालायला एक पत्रच रचलं. 13 ऑगस्ट 1898 च्या रात्री कॅप्टन क्विन्ये दिव्याच्या उजेडात ते तपासत असताना त्याला दिसलं, की कागदाच्या वरच्या-खालच्या भागावरच्या चौकटीच्या रेघा निळसर आहेत आणि मधल्या भागावरच्या जांभळट. दोन पत्रांचे तुकडे चिकटवलेले होते. आंरीला अटक झाली आणि 31 ऑगस्टला त्याने कोठडीत गळा कापून घेतला.

द्रेफ्युसला झोलाच्या पत्राने सोडवलं ना?

कादंबरीकार एमिल झोलाच्या खुल्या पत्राविषयीचा हा सगळ्यात पसरलेला गैरसमज. आधी लढले ते भाऊ मात्यू द्रेफ्युस आणि बर्नार लाझार. लाझारची पुस्तिका नोव्हेंबर 1896 मध्ये ब्रसेल्समध्ये छापली गेली. हेरखात्याचा प्रमुख कर्नल पिकार याने त्याच वर्षी बोर्दरोचा खरा लेखक एस्तेराझी नावाचा दुसरा अधिकारी असल्याचं शोधलं आणि बक्षीस म्हणून त्याची रवानगी ट्युनिशियाला झाली. गंमत म्हणजे पिकारला स्वतःला ज्यूंबद्दल फारसं प्रेम नव्हतं.

एस्तेराझी 11 जानेवारी 1898 ला निर्दोष सुटला. झोलाचं खुलं पत्र 13 तारखेला ‘लोरोर’ या वृत्तपत्रात आलं. ‘मी आरोप करतो’ हा मथळा राजकारणी क्लेमांसोचा. पत्राच्या शेवटी झोलाने 1881 च्या मुद्रण कायद्याची कलमंच देऊन ‘माझ्यावर खटला भरा’ असं सांगितलं होतं, म्हणजे लष्करी पडद्यामागचं प्रकरण साध्या कोर्टात यावं. सरकारही पक्कं. आरोप फक्त एस्तेराझीला हुकुमावरून सोडल्याच्या ओळींपुरता ठेवला आणि द्रेफ्युसचा विषय निघाला की न्यायाधीश म्हणे, हा प्रश्न विचारला जाणार नाही. झोलाला एक वर्ष कैद आणि 3,000 फ्रँक दंड झाला. पत्रात चुकाही आहेत: सगळा दोष द्रेफ्युसची सुरुवातीची चौकशी करणारा अधिकारी दु पाती द क्लाम याच्या माथी आहे, आंरीची करामत झोलाला तेव्हा ठाऊकच नव्हती.

1899 मध्ये रेनला दुसऱ्यांदा खटला चालला. पाच विरुद्ध दोन मतांनी पुन्हा दोषी, पण ‘सौम्य करणाऱ्या परिस्थितीसह’. देशद्रोहाला सौम्य परिस्थिती कसली, हे कुणी सांगितलं नाही. दहा दिवसांनी माफी मिळाली. निकाल रद्द झाला तो 12 जुलै 1906 ला. मरणोत्तर ब्रिगेडियर जनरल हा दर्जा देणारा कायदा 2025 मध्ये झाला.

‘बुद्धिजीवी’ हा शब्द याच प्रकरणातून आला का?

शब्द आधीचा, पण चलन तेव्हाचं. झोलाच्या पत्राच्या दुसऱ्या दिवशी प्राध्यापक-लेखकांच्या सह्यांचं निषेधपत्रक आलं, आणि राष्ट्रवादी कादंबरीकार मोरिस बारेसने ‘अँतेलेक्त्युएल’ हा शब्द टोमणा म्हणून वापरला. समीक्षक ब्रुनेतिएरचा आक्षेप असा, की तिबेटी भाषेच्या प्राध्यापकाला देशाचं शहाणपण शिकवायचा अधिकार कुणी दिला? समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खेम हा एपिनालच्या रब्बीचा मुलगा. त्याने 1898 मध्ये उत्तर दिलं, पण ज्यूंचं नाव पुढे न करता. एका माणसाचे हक्क पायदळी तुडवू दिले तर समाजाला बांधून ठेवणारी श्रद्धाच मोडते, हा त्याचा मुद्दा. इझ्राएलित पिढीची बोलण्याची रीत पाहायची असेल तर हा लेख पाहावा.

बुद्धिमान माणसं एकाच बाजूला होती असं मात्र समजू नका. आंरीच्या विधवेसाठी एदुआर द्रुमाँच्या ‘ला लिब्र पारोल’ या वृत्तपत्राने वर्गणी काढली, सुमारे 25,000 जणांनी 1,31,000 फ्रँक दिले. यादीत कवी पोल व्हालेरीचे 3 फ्रँक आहेत, ‘विचारांती’ अशा शेऱ्यासह. द्रुमाँचा 1886 चा दोन खंडांचा ज्यूविरोधी ग्रंथ त्याआधीच प्रचंड खपला होता. त्याने जुना धार्मिक आकस, सावकाराविषयीचा राग आणि वंशाची नवी भाषा एकाच पिशवीत कोंबली.

डावे तरी द्रेफ्युसच्या बाजूने होते?

उशिरा. रॉथशिल्ड हे ज्यू बँकर घराणं म्हणजे भांडवलशाही, हे समीकरण तूस्नेलसारख्या समाजवाद्यांनी 1845 पासून रुजवलेलं. जानेवारी 1898 पर्यंत अनेकांना हे बूर्झ्वांचं आपसातलं भांडण वाटत होतं. समाजवादी नेता जोरेसने त्याच वर्षी पुराव्यांची चिरफाड करणारी लेखमाला लिहिली, तेव्हा वारं फिरलं.

व्हिशी सरकारने ज्यू कोण हे कसं ठरवलं?

1940 च्या पराभवानंतर जर्मनीशी सहकार्य करणारं, मार्शल पेतँच्या हाताखालचं फ्रेंच सरकार म्हणजे व्हिशी. त्याच्या 3 ऑक्टोबर 1940 च्या कायद्यात व्याख्या अशी: ज्याचे तीन आजी-आजोबा ‘ज्यू वंशाचे’, तो ज्यू, जोडीदार ज्यू असेल तर दोनही पुरेत. पण आजीचा वंश ओळखायचा कसा? कायदा गप्प. 2 जून 1941 च्या सुधारित कायद्याने तोडगा काढला: ज्यू धर्म पाळणारी आजी म्हणजे ज्यू वंशाची आजी. वंशाचा पुरावा शेवटी धर्मच निघाला. दोन ज्यू आजी-आजोबा असलेल्याला सुटायचं तर 25 जून 1940 पूर्वी, 1905 मध्ये राज्य आणि धर्म वेगळे होण्याआधी राज्यमान्य असलेल्या दुसऱ्या धर्मात गेल्याचा पुरावा हवा; व्यवहारात तो बहुधा बाप्तिस्म्याच्या दाखल्याचा. नास्तिकाकडे दाखवायला काहीच नाही. निधर्मी प्रजासत्ताकात वाढलेल्या माणसाला त्याचा निधर्मीपणाच नडला.

कायद्याने शिक्षक, न्यायाधीश, अधिकारी यांना नोकरीतून काढलं; पुढे विद्यापीठात ज्यू विद्यार्थ्यांवर 3 टक्क्यांची मर्यादा आली. हा कायदा जर्मनांनी लादला, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. अमेरिकन इतिहासकार रॉबर्ट पॅक्स्टनने 1970 च्या दशकात कागदपत्रांवरून दाखवलं, की पुढाकार व्हिशीचाच होता. 2010 मध्ये वकील आणि इतिहासकार सर्ज क्लार्सफेल्दने मसुद्याची प्रत उघड केली. तिच्यावर पेतँच्या हाताने केलेले बदल आहेत आणि ते कायदा अधिक कडक करणारे आहेत.

फ्रान्समधून सुमारे 76,000 ज्यूंना छळछावण्यांकडे नेलं गेलं. परतले सुमारे 2,500. 16-17 जुलै 1942 ला पॅरिसमध्ये फ्रेंच पोलिसांनी 13,152 जणांना पकडलं, त्यांत 4,115 मुलं. फ्रेंच राज्याची जबाबदारी राष्ट्राध्यक्षाने मान्य केली ती थेट 16 जुलै 1995 ला, शिराक यांनी.

इतिहासकार मार्क ब्लॉकने 1940 मध्ये लिहून ठेवलं की आपण आपलं ज्यू मूळ एकाच प्रसंगी पुढे करतो: समोर ज्यूद्वेष्टा असेल तेव्हा. 16 जून 1944 ला जर्मनांनी त्याला गोळ्या घातल्या.

सार्त्रचं म्हणणं बरोबर होतं का?

अर्धं. 1944 मध्ये लिहून 1946 मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या निबंधात तत्त्वज्ञ झाँ-पोल सार्त्र म्हणतो, ज्यूद्वेष हे मत नव्हे, ती एक तीव्र भावना आहे, स्वतःलाच घाबरणाऱ्या माणसाने निवडलेली. ज्यू नसताच तर द्वेष्ट्याने तो कल्पनेतून घडवला असता. द्वेष्ट्याचं हे चित्र आजही तोडीस तोड सापडत नाही. ‘लोकशाहीवादी’ माणसालाही तो सोडत नाही. हा माणूस ज्यूला वाचवतो, पण अमूर्त मानव म्हणून. ज्यू म्हणून पुसून टाकतो. म्हणजे क्लेर्मों-तोनेरच आठवायचा.

अडचण पुढे येते. ज्यूला ज्यू बनवतो तो द्वेष्टा, असं म्हटलं की तीन हजार वर्षांचा ग्रंथव्यवहार, सण, भाषा, विनोद सगळं कुठे गेलं? सार्त्रने ज्यू इतिहासाचा अभ्यास न करताच हे लिहिलं होतं. तत्त्वज्ञ एमानुएल लेव्हिनासने उत्तर वाद घालून दिलं, त्याहून जास्त कामातून. तो पॅरिसमध्ये ज्यू शिक्षक घडवणारी शाळा चालवायचा आणि 1957 पासून भरणाऱ्या फ्रेंचभाषक ज्यू बुद्धिजीवींच्या परिषदांत तालमूद या ज्यू धर्मग्रंथाचं पान उघडून त्यावर बोलायचा. ट्युनिसचा लेखक आल्बेर मेम्मी याने तर शब्दच वेगळे केले: धर्म-परंपरा ते ‘झ्युदाइस्म’, लोकांचा समूह तो ‘झ्युदाइसिते’ आणि एकेका माणसाचं ज्यू असणं ते ‘झ्युदेइते’. चर्चेत भांडण पेटलं की आधी विचारा, या तिघांपैकी कशाबद्दल बोलताय?

1967 मध्ये काय बिनसलं?

इस्रायल आणि अरब देशांच्या सहा दिवसांच्या युद्धानंतर 27 नोव्हेंबरच्या पत्रकार परिषदेत राष्ट्राध्यक्ष द गोल यांनी ज्यूंना ‘आत्मविश्वासू आणि वर्चस्व गाजवणारे श्रेष्ठ लोक’ म्हटलं. विचारवंत रेमाँ आराँ हा पक्का इझ्राएलित, धर्माशी संबंध नसलेला; झायोनवादी, म्हणजे ज्यूंचं स्वतंत्र राष्ट्र हवं म्हणणारा, तोही नव्हे. त्यानेच पुस्तक लिहून विचारलं, राज्याच्या प्रमुखाने सगळ्या ज्यूंना मिळून एक स्वभाव चिकटवावा? याच सुमारास अल्जीरिया, मोरोक्को, ट्युनिशियातून आलेल्या ज्यूंनी समाजाचा चेहरा बदलला होता. यांना ‘इझ्राएलित’ची कुजबुज परकी होती.

ज्यूसंहार नाकारणाऱ्यांशी वाद घालावा का?

इतिहासकार पिएर विदाल-नाकेचं उत्तर: त्यांच्याविषयी बोलावं, त्यांच्याशी नाही. चंद्र चीजचा आहे म्हणणाऱ्याशी खगोलशास्त्रज्ञ कसला वाद घालणार? मात्र नकाराला गुन्हा ठरवणारा 1990 चा गेसो कायदाही त्याला पसंत नव्हता. इतिहासातलं सत्य कायद्याने ठरवू नये, असं त्याचं मत. त्याचे आईवडील आउश्वित्झमध्ये मारले गेले होते, म्हणून हे मत हलक्याने घेता येत नाही.

झायोनवादाला विरोध म्हणजे ज्यूद्वेष का?

इथे फ्रेंच ज्यूंचंही एकमत नाही. 3 डिसेंबर 2019 ला संसदेत ज्यूद्वेषाच्या आंतरराष्ट्रीय व्याख्येला मान्यता देणारा ठराव 154 विरुद्ध 72 मतांनी मंजूर झाला. त्याआधी 127 ज्यू बुद्धिजीवींनी, झायोनवादाला विरोध आणि ज्यूद्वेष एक मानू नका म्हणत, त्याविरुद्ध पत्र लिहिलं होतं. आमचं मत विचाराल तर दोन टोकं टाळावीत. इस्रायलच्या सरकारवरची टीका म्हणजे ज्यूद्वेष नव्हे. आणि ‘झायोनवादी’ हा शब्द ‘ज्यू’च्या जागी ठेवून द्रुमाँचीच वाक्यं म्हणायची, ही टीका नव्हे. वाक्यात शब्दांची अदलाबदल करून पाहा, बहुतेक वेळा कळतं.

या सगळ्यात भारताशी जोडलेलं कुणी?

सिल्व्हाँ लेव्ही. संस्कृतचा थोर पंडित, भारतीय नाट्यावरच्या ग्रंथाचा कर्ता, शांतिनिकेतनात शिकवून गेलेला. हाच माणूस पुढे फ्रेंच ज्यूंच्या आलियांस या संस्थेचा अध्यक्ष झाला; त्याआधी 1919 च्या पॅरिस शांतता परिषदेत झायोनवादी शिष्टमंडळाबरोबर बोलायला उभा राहून त्याने दुहेरी निष्ठेची शंका काढली. सोबतचे झायोनवादी हादरले.

वाचायला कुठून सुरुवात करू?

क्लेर्मों-तोनेरचं भाषण छोटं आहे, ते पहिलं. मग झोलाचं पत्र, पण तारखांचा तक्ता शेजारी ठेवून. मग सार्त्रचं पहिलं प्रकरण आणि लगेच मेम्मी. लाझारचं ज्यूद्वेषाच्या इतिहासावरचं पुस्तक घेतलंत तर वर्ष पाहा: 1894. ते द्रेफ्युसच्या बाजूने उभं राहण्याआधीचं आहे, आणि त्यात द्वेषाची काही कारणं तो ज्यूंमध्येच शोधतो. त्यातली वाक्यं सुटी काढून द्वेष्टे आजही वापरतात.

फ्रान्समध्ये आज नक्की किती ज्यू आहेत?

अंदाज साधारण साडेचार लाखांचा, म्हणजे युरोपातला सर्वांत मोठा ज्यू समाज. नक्की आकडा मिळणार नाही, कारण फ्रेंच जनगणनेने धर्म शेवटचा विचारला तो 1872 मध्ये. त्यानंतर ज्यूंची वेगळी मोजणी झाली ती युद्धकाळात. पहिली ऑक्टोबर 1940 मध्ये, जर्मन आदेशावरून, पॅरिसच्या पोलीस ठाण्यांत. सुमारे 1,50,000 जण स्वतःहून नोंद करायला रांगेत उभे राहिले. त्यांची कार्डं चार प्रकारे लावली गेली: नावाने, नागरिकत्वाने, व्यवसायाने आणि रस्त्याने. जुलै 1942 मध्ये पोलिसांच्या हातात जे पत्ते होते, ते याच कार्डांवरून उतरवलेले.